पंख्याचा मार लागलेले फुलपाखरू: जगवावे, झाडावर सोडावे की त्याचा शेवट करावा?

प्रश्न: वाशिष्ठीकाठ

नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो. परवा संध्याकाळी पावसाची सर येऊन गेल्यावर एक मोठे नीलवंत फुलपाखरू दिवाणखान्यात शिरले आणि छताच्या पंख्याचे पाते लागून खाली पडले. त्याचा उजवीकडचा पुढचा पंख अर्ध्यावर तुटला आहे, त्याच बाजूचा मागचा पंख कडेने फाटला आहे आणि मागचा एक पाय नाहीसा झाला आहे. डोके आणि पोट शाबूत दिसते. ते चालते, बोट पुढे केले तर बोटावर चढते, पण उडायला गेले की एका बाजूला कलंडून पडते. सध्या त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर जुनी मच्छरदाणी ताणून बांधून ठेवले आहे.

त्याचे पुढे काय करावे याविषयी घरात तीन मते आहेत. सासूबाई म्हणतात की परसातल्या पपनसाच्या झाडावर त्याला अलगद ठेवून द्यावे, पुढचे त्याचे त्याला. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की ते आता कधीच उडणार नाही, झाडावर ठेवले तर मुंग्या त्याला जिवंतपणी कुरतडतील, म्हणून एका क्षणात त्याचा शेवट करणे हीच खरी दया ठरेल. मुलगी चौथीत आहे. तिला त्याच्या जखमेवर हळद लावायची आहे, आणि दोन दिवस शाळेतून आल्यावर ती सर्वांत आधी त्या खोक्याकडे धावते.

तिघांच्याही म्हणण्यात मला करुणा दिसते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. त्याला आपल्यासारख्या वेदना होत असतील का? त्याचा पंख भरून येण्याची काही शक्यता आहे का? त्याला जगवायचे ठरवले तर खायला काय द्यावे? आणि जगवणे हे केवळ आपल्या मनाचे समाधान असेल, तर ते ओळखायचे कसे? घरात डास आणि झुरळे मारली जातात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे एका फुलपाखरासाठी एवढा विचार करणे काहींना विसंगत वाटेल. तरीही आपल्या घरातल्या पंख्याने जखमी झालेला जीव समोर पडलेला असताना त्याच्याकडे पाठ फिरवणे मला जमत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: पानाआड

मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले असून आता निवृत्त आहे. आपण जखमांचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

आधी पंखाविषयी. प्रौढ फुलपाखराचा तुटलेला पंख भरून येत नाही आणि गळालेला पायही पुन्हा येत नाही. कीटकांमध्ये गेलेला अवयव परत येतो तो कात टाकताना. झुरळाच्या किंवा खंडोबाच्या किड्याच्या पिल्लाचा पाय तुटला, तर पुढच्या कातींमध्ये तो थोडा थोडा करून पुन्हा वाढू शकतो. फुलपाखरू कोषातून बाहेर पडल्यावर कात टाकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत ती वाट बंद आहे. एखादा जखमी कीटक सापडला तर तो पूर्ण वाढलेला आहे की पिल्लू आहे, हे पाहण्याला यामुळेच महत्त्व आहे. पिल्लाला काही आठवडे सांभाळले तर ते खरोखर बरे होऊन जाऊ शकते.

कोणता पंख गेला, यावरही बरेच अवलंबून असते. जँटझेन आणि आयस्नर या दोन संशोधकांनी 2008 मध्ये असे दाखवून दिले की मागचे दोन्ही पंख काढले तरी फुलपाखरे आणि पतंग उडू शकतात. मात्र पाठलाग चुकवताना ती जी झटकन वळणे घेतात, ती त्यांना पूर्वीसारखी घेता येत नाहीत. उडण्याचा मुख्य भार पुढच्या पंखांवर असतो. आपल्या नीलवंताचा पुढचाच पंख अर्धा गेल्यामुळे ते कलंडते. फक्त मागचा पंख फाटला असता, तर मी आपल्याला त्याला त्याच दिवशी बाहेर सोडायला सांगितले असते, कारण पक्ष्यांच्या चोची लागून मागच्या पंखांचे लचके गेलेली फुलपाखरे बागेत नेहमी दिसतात आणि ती व्यवस्थित जगतात.

हळद मात्र कृपया लावू नका. मुलीची भावना मोलाची आहे, परंतु कीटक नाकातोंडाने श्वास घेत नाहीत. त्यांच्या छातीच्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक श्वासरंध्रे असतात आणि त्यांतून हवा थेट शरीरातल्या नळ्यांच्या जाळ्यात जाते. हळदीचा लेप, तेल, मलम किंवा तूप यांनी ही रंध्रे बुजली तर आपण उपचाराच्या नावाखाली त्याचा श्वास कोंडू. लहान जखमेतून येणारा फिकट हिरवट-पिवळसर द्रव हे त्याचे रक्तच असते आणि ते आपोआप साकळते. पाय जिथून तुटला आहे तिथे आता ओल दिसत नसेल, तर त्या जखमेला आणखी काही करण्याची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. ते खाते का, हे पाहा. माझ्या मते आपला निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून ठेवावा. एक चमचा साखर दहा चमचे पाण्यात विरघळवून त्यात कापसाचा बोळा भिजवा आणि जास्तीचे पाणी पिळून टाका, कारण उघड्या बशीतल्या पाकात पाय आणि पंख चिकटतात. फुलपाखराला पायांनी चव कळते, म्हणून त्याला त्या बोळ्यावर उभे करा. पुष्कळदा तेवढ्यानेच सोंड उलगडते. नीलवंताच्या कुळातली फुलपाखरे थोडी हट्टी असतात. त्याने स्वतःहून सोंड उलगडली नाही तर पंख मिटलेले असताना ते चारही एकत्र, बोटांच्या हलक्या चिमटीत धरा आणि टाचणीचे बोथट टोक सोंडेच्या वेटोळ्यात घालून ती सावकाश बोळ्यापर्यंत आणा. एकदा चव लागली की ते पिऊ लागते. दिवसातून एकदोनदा पुरे. त्याहून चांगले म्हणजे एक्झोरा, घाणेरी किंवा जास्वंदीची ताजी फुले खोक्यात ठेवणे.

खोक्यात एखादी खडबडीत काडी तिरकी ठेवा, म्हणजे त्याला धरून बसता येईल. खोके कडक उन्हात नको, पण सकाळची ऊब मिळू द्या, कारण फुलपाखराला अंग तापल्याशिवाय नीट हालचाल करता येत नाही. खोक्याच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवा. मुंग्यांविषयी आपले यजमान जे म्हणतात ते अगदी खरे आहे आणि ज्या फुलपाखराला उडून निसटता येत नाही, त्याला पहिला धोका मुंग्यांचाच असतो.

ते पीत असेल, काडीला घट्ट धरत असेल, स्पर्श केला की सरकत असेल, तर त्याला जगवावे असे माझे स्पष्ट मत आहे. या जातीचे प्रौढ आयुष्य तसेही काही आठवड्यांचेच असते, म्हणजे आपण कायमची जबाबदारी घेत नाही आहात. ती मादी असेल आणि तिचे मीलन झाले असेल, तर तिला दिवसा थोडा वेळ पपनसाच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर ठेवा. ही झाडे तिच्या अळ्यांची अन्नवनस्पती आहेत आणि न उडताही ती तिथे अंडी घालू शकते. उलट दोन दिवस सोंड हाताने उलगडूनही ते पीत नसेल, पाय आखडत असतील, पोट चेपलेले किंवा गळते असेल, तर पुढचा प्रश्न वेगळा होतो आणि त्यावर येथे कोणी पशुवैद्यकाने लिहिले तर बरे होईल.

उत्तर: दयाधर्म_सांगली

मी सांगली जिल्ह्यातल्या जैन कुटुंबात वाढलो. आमच्याकडे हा विषय लहानपणापासून कानावर पडतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. ते येथे प्रत्येकाने मान्य करावे असा आग्रह नाही.

जैन विचारात जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून केली जाते. गांडुळासारखे जीव द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, आणि माशी, भुंगा, फुलपाखरू हे चतुरिंद्रिय मानले जातात, म्हणजे स्पर्श, चव, गंध आणि दृष्टी ही त्यांची चार इंद्रिये. ही मांडणी प्रयोगशाळेत तयार झालेली नाही, पण तिच्यामुळे एक सवय लागते. समोरचा जीव किती लहान आहे यापेक्षा त्याला काय काय जाणवते, याचा विचार आधी मनात येतो. ताईंनी विचारलेला पहिला प्रश्न याच स्वरूपाचा आहे.

दुसरे असे की दुःख पाहवत नाही म्हणून जीव घेणे आमच्या परंपरेत मान्य नाही. पांजरपोळात आलेली म्हातारी, लंगडी, असाध्य रोगाची जनावरे शेवटपर्यंत सांभाळली जातात. गुजरातेतल्या काही जुन्या पांजरपोळांमध्ये तर धान्यातून निघालेले किडे मरू नयेत म्हणून ते ठेवण्याची ‘जीवातखाना’ नावाची वेगळी खोली असे. बाहेरच्या अनेकांना ते अतिरेकी वाटले आणि तिथे जनावरांचे हाल लांबवले जातात अशी टीकाही झाली. ती टीका मी पूर्णपणे नाकारत नाही. पण पांजरपोळांमागची भूमिका नीट समजून घ्यावी. जीवाला जगायचे आहे की नाही हे आपल्याला त्याच्याकडून कळत नाही, आणि ते कळत नसताना त्याच्या वतीने मरणाचा निर्णय घेताना आपला कंटाळा, आपली किळस, आपली घाई त्या निर्णयात नकळत मिसळते.

यजमानांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे मला कारण नाही. मी एवढेच सुचवीन की हा निर्णय संध्याकाळी, थकलेल्या मनाने घेऊ नये. फुलपाखराला मुंग्यांपासून, मांजरापासून आणि उन्हापासून सुरक्षित ठेवा, पाकाचा बोळा जवळ ठेवा. त्याने घेतले तर घेतले. नाही घेतले तर ते शांत जागी आपल्या वेळेने जाईल. ‘पानाआड’ यांनी सांगितलेली सेवा मला पूर्ण पटते. जिथे प्रश्न वेगळा होतो असे त्या म्हणतात, तिथून पुढेही मी सोबत करण्याच्याच बाजूचा राहीन.

उत्तर: कृष्णाकाठचा पशुवैद्य

वरची दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत. माझ्या कामात प्राण्याचा शेवट करण्याचा निर्णय अनेकदा घ्यावा लागतो, म्हणून त्या बाजूचे जरा मोकळेपणाने लिहितो.

वेदनेबद्दल आधी. 1984 मध्ये आयझेमन आणि सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला आणि पुढे बरीच वर्षे त्याचा आधार घेऊन ‘कीटकांना वेदना नसते’ असे सांगितले गेले. त्यांचा मुद्दा असा होता की कीटक मोडलेला पाय सांभाळून चालत नाहीत, लंगडत नाहीत, आणि खंडोबाचा किडा मागून खात असतानाही टोळ पुढे पाने खात राहतो. निरीक्षण खरे आहे. पण अलीकडच्या काळात चित्र बदलले. 2022 मध्ये मॅटिल्डा गिबन्स, लार्स चिट्का आणि सहकाऱ्यांनी बंबलबी या माश्यांना ऊन केलेल्या आणि साध्या अशा दोन प्रकारच्या खाद्यनळ्या दिल्या. दोन्हींत सारखाच गोड पाक असेल तेव्हा माश्या 55 अंश सेल्सिअसच्या नळ्या टाळत, पण गरम नळीत अधिक गोड पाक असेल तर तो चटका सोसून तिथे जात. चटका बसताच आपोआप मागे सरणे एवढेच त्यांना येत असते, तर असा हिशेब त्यांना मांडता आला नसता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात माश्या-डास यांच्या आणि झुरळ-वाळवी यांच्या गणांतील प्रौढांबाबत वेदनेचा पुरावा भक्कम असल्याचे म्हटले आहे, तर फुलपाखरांच्या गणाबाबत पुरावा त्याहून कमी, तरीही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे अनेक शास्त्रज्ञांनी व तत्त्वज्ञांनी काढलेल्या जाहीरनाम्यातही कीटकांसह अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांना जाणिवेचा अनुभव असण्याची वास्तव शक्यता मान्य केली आहे.

तेव्हा ताईंच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: आपल्यासारखीच वेदना होते असे म्हणता येत नाही, होत नाही असेही आता म्हणता येत नाही, आणि ती होत असेल असे धरून वागायला आपल्याला फारसे काही मोजावे लागत नाही. आपल्या कायद्याचाही कल तोच आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक सजीव येतो. तेथे आकाराची अट नाही.

आता शेवट करण्याविषयी. या फुलपाखराचा शेवट करावा असे मला मुळीच वाटत नाही. ते चालते, बोटावर चढते. अशा जीवाला मरण देण्याचे कारण दिसत नाही. न उडता येणे आपल्याला फार भयंकर वाटते, पण ती आपली कल्पना आहे. खाणे मिळत असेल आणि शत्रू दूर असतील, तर न उडणारे फुलपाखरू कण्हत पडलेले असते असे मानायला आधार नाही.

पण दारात चेंगरलेला, पोट फुटलेला, चिकट सापळ्यात अर्धा फाटलेला कीटक समोर असेल, तर तो आपल्या वेळेने जाईल असे म्हणून थांबणे मला पटत नाही. सांगलीच्या दादांचा मी आदर करतो आणि म्हणूनच 1928 मधल्या साबरमती आश्रमातल्या वासराची आठवण देतो. ते असाध्य आजाराने तळमळत होते, उपचार संपले होते. गांधीजींनी डॉक्टरांकरवी टोचून त्याचा अंत करवला आणि ती कृती अहिंसेच्याच पोटात बसते असे जाहीरपणे लिहिले. त्यांना संतापाची असंख्य पत्रे आली. ज्या देशात हा वाद त्यांच्यासारख्याच्या हातूनही मिटला नाही, तिथे आपण तो या पानावर मिटवू असे नाही. मात्र त्यांनी घातलेली मर्यादा मी रोजच्या कामात वापरतो: सेवेचा कोणताही मार्ग उरलेला नाही आणि प्राण्याच्या यातना समोर दिसत आहेत, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील तरच.

तशी वेळ आलीच तर पद्धत महत्त्वाची आहे, कारण दयेपोटी केलेल्या कृतीतून भलतीच क्रूरता घडू शकते. कीटकनाशक फवारू नका. घरगुती फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये मज्जातंतूंना सतत चेतवत ठेवतात आणि कीटक बराच वेळ झटके देत मरतो. पाण्यात बुडवू नका. श्वासरंध्रे बंद करून कीटक दीर्घकाळ तग धरू शकतात. डोके वेगळे करणेही पुरेसे नाही, कारण त्यांच्या छातीत आणि पोटात मज्जातंतूंच्या स्वतंत्र गाठी असतात आणि डोके नसलेले झुरळ कित्येक दिवस जगू शकते. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. थंडीने हालचाल थांबते हे खरे, पण हालचालीबरोबर संवेदनाही थांबते असे सिद्ध झालेले नाही, आणि नीलवंताएवढ्या मोठ्या कीटकाला गोठायला वेळ लागतो. सर्वांत कमी यातनेचा मार्ग पाहायला सर्वांत कठोर आहे. कीटक कागदाच्या घडीत ठेवून कठीण, सपाट जागेवर, पाट्यासारख्या जड वस्तूने, डोक्यापासून पोटापर्यंतचे सगळे शरीर एकाच घावात पूर्णपणे चिरडावे. अर्धवट, घाबरत मारलेला फटका देऊ नये. हात धजत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. मुलांसमोर करू नये, पण त्यांनी विचारले तर लपवूही नये.

उत्तर: देवराईची वाट

थोडे वेगळे मत. सासूबाईंचे म्हणणे कोणी विचारातच घेतले नाही, आणि मला ते सर्वांत समंजस वाटते. पावसाळ्यात पाखरांना, कोळ्यांना, सरड्यांना आणि मुंग्यांना अन्नाची गरज असते आणि जखमी फुलपाखरू हा त्या व्यवहाराचा भाग आहे. आपण एक जीव उचलून खोक्यात ठेवतो तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तोंडचा घासही काढून घेतो. जंगलात पडलेल्या फुलपाखराला मी कधीही हात लावत नाही.

मात्र एक फरक मान्य करतो. हे फुलपाखरू पक्ष्याच्या चोचीने जखमी झालेले नाही, ते आपल्या पंख्याने जखमी झाले आहे. माणसाच्या वस्तूमुळे झालेल्या इजेबाबत थोडी जबाबदारी येते हे खरे. त्यामुळे खोक्यात ठेवले म्हणून दोष देणार नाही. पुढच्या वेळेसाठी एवढेच करा: पावसाळी संध्याकाळी दिवा लावल्यावर दारे-खिडक्या उघड्या असतील तर पंखा थोडा वेळ बंद ठेवा किंवा खिडक्यांना जाळी बसवून घ्या. एका फुलपाखराच्या शुश्रूषेपेक्षा याने कितीतरी अधिक जीव वाचतील.

वाशिष्ठीकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवले.

काल सकाळी सांगितल्याप्रमाणे पाकाचा बोळा दिला. आधी त्याने काहीच केले नाही. मग टाचणीने सोंड उलगडून बोळ्याला टेकवली आणि ते बराच वेळ पीत राहिले. आज सकाळी त्याने सोंड स्वतःहून उलगडली. त्यामुळे यजमानांनी आपले म्हणणे मागे घेतले असून टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या त्यांनीच ठेवल्या. सासूबाईंच्या इच्छेप्रमाणे सकाळी आम्ही त्याला तासभर पपनसाच्या फांदीवर नेतो आणि कोणीतरी जवळ बसून राहते. हळद का लावायची नाही हे मुलीला श्वासरंध्रांचे चित्र काढून दाखवले. आता ती वर्गात सर्वांना सांगते की फुलपाखरू पोटाने श्वास घेते.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. तुटलेला पंख पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून जोडतात असे एका नातेवाइकांनी सांगितले. ते करून पाहावे का? आणि डावीकडचा चांगला पंख कापून दोन्ही बाजू सारख्या केल्या तर ते उडेल, असेही कोणी म्हणाले. ते ऐकूनच मला कसेतरी झाले, पण त्याचा फायदा होणार असेल तर माझ्या वाटण्याला महत्त्व देऊ नये.

उत्तर: पानाआड

ते पीत आहे हे वाचून फार बरे वाटले.

पंख जोडण्याचे तंत्र खरे आहे. अमेरिकेत मोनार्क फुलपाखरे पाळणारे लोक मेलेल्या फुलपाखराच्या पंखाचा तुकडा किंवा पातळ कागद अगदी थोड्या गोंदाने चिकटवतात आणि वरून टाल्कम पावडर लावून गोंदाचा चिकटपणा घालवतात. यशस्वी झालेली फुलपाखरे खरोखर उडतात. पण त्यासाठी तुटलेल्या पंखाचा बराचसा भाग शिल्लक असावा लागतो, हात सरावाचा लागतो आणि गोंदाचा एक थेंब छातीवर किंवा सांध्यावर पडला तर असलेलीही हालचाल जाते. अर्धा पुढचा पंख गेलेला असताना, पहिल्याच प्रयत्नात, चालत्या-खात्या फुलपाखरावर हा प्रयोग करू नये असे मी सांगेन.

चांगला पंख कापण्याबाबत आपल्याला जे वाटले ते योग्यच आहे. पंख म्हणजे नखासारखा निर्जीव पापुद्रा, असे पूर्वी आम्हीही वर्गात शिकवत असू. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की पंखांच्या शिरांमध्ये जिवंत पेशी असतात, तिथे रक्त फिरते आणि पंख फार तापला तर फुलपाखराला ते कळून ते पंखाची दिशा बदलते. बाहेरची कडा थोडी छाटणे एक वेळ चालेल, पण आपल्याला दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी अर्धा पंख, मुख्य शिरांसह, कापावा लागेल. एवढे करून उरलेल्या लहान पंखांवर नीलवंतासारखे जड फुलपाखरू पेलले जाईल याची मला आशा वाटत नाही. ज्यातून उडणे परत मिळण्याची शक्यता इतकी कमी आहे, त्यासाठी त्याच्या शाबूत भागाला इजा करू नये.

मागचा फाटलेला पंख काडीत अडकत असेल तर तेवढाच लोंबता तुकडा बारीक कात्रीने काढा, मुळाच्या दिशेने जाऊ नका. पाक रोज ताजा करा, चिपळूणच्या दमट हवेत तो एका दिवसात आंबतो. फांदीवर नेल्यावर पानांच्या वरच्या बाजूला गोल, फिकट मण्यासारखी अंडी दिसतात का, ते मुलीला बघायला सांगा. दिसली तर त्या पानांवर काही फवारू नका आणि मला इथे कळवा, अळ्यांच्या संगोपनाविषयी वेगळे लिहीन. आणि पिणे थांबले, पाय आखडले, तर पशुवैद्यांनी लिहिलेले पुन्हा एकदा वाचा. ते करायचे की नुसते जवळ राहायचे, हे तेव्हा त्याच्याकडे पाहून आपल्या घराने ठरवावे.